मापात पाप

आपल्या कवितांत धूर फार आहे. चितेचा धूर, गिरणीच्या चिमणीचा धूर, जाळलेल्या वस्तीचा धूर. धूर म्हटला की अन्याय, असं समीकरणच होऊन बसलंय. कवी वाचतो, पोरं टाळ्या देतात, चहा होतो, सगळे आपापली लोकल पकडतात. पण जमिनीखाली दोनशे मीटरवर डिझेलचं इंजिन सायलेन्सरमधून जे ओकतं ते कशाचंही प्रतीक नसतं. त्याला वजन असतं. एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम, असं ते वजन काटेकोर मोजता येतं. ज्याच्या छातीत ते जातं त्याला मात्र हा आकडा कुणी सांगत नाही.

दोस्तांनो, मला एवढंच मांडायचंय. खाणीत राबणाऱ्याच्या छातीतली काजळी कमी करता येते. ती कशी करायची हे जगाला केव्हाच कळलंय. त्यासाठी नवा शोध लागायचा नाहीये की नवा देव जन्मायचा नाहीये. तरी ती कमी होत नाही, कारण माप मालकाच्या हातात आहे. आणि ज्याच्या हातात माप, त्याच्या हातात पाप झाकायचं फडकंही.

आधी ही काजळी म्हणजे काय ते बघू. रस्त्यावरून ट्रक धूर सोडत गेला तर वारा त्याला पांगवतो. भुयारात वारा नाही. पंख्यानं ढकलाल तेवढीच हवा. दगड उचलणारा लोडर, तो वाहून नेणारा डंपर, माणसं ने-आण करणारी गाडी, सगळ्यांची इंजिनं त्याच हवेत ओकतात आणि माणसं त्याच हवेत दम भरतात. धुरातले कार्बनचे कण बहुतेक एका मायक्रॉनपेक्षा लहान. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. जाडी धूळ नाकात-घशात अडकते, शिंकेतून थुंकीतून बाहेर पडते. ही काजळी थेट फुफ्फुसाच्या तळाला जाऊन बसते. आणि एकटी जात नाही. अर्धवट जळलेल्या तेलातली बेंझोपायरीनसारखी विषं अंगाला चिकटवून जाते. डोळे चुरचुरणं, डोकं धरणं, खोकला, हे पहिल्या पाळीलाच कळतं. कॅन्सर पंधरा-वीस-तीस वर्षांनी कळतो. तोवर माणूस कंत्राटातून सुटलेला असतो, गावी गेलेला असतो, आणि मालकाचं रजिस्टर रद्दीत गेलेलं असतं.

आम्ही गोदीवाल्यांना याचा थोडा वास आहे. जहाजाच्या पोटात लोखंडाचे कॉइल हलवायला डिझेलची फोर्कलिफ्ट उतरवतात. हॅचचं तोंड वर उघडं असतं, तरी कोपऱ्याकोपऱ्यात निळसर धूर तुंबून राहतो. पाळी संपल्यावर नाक शिंकरलं की रुमाल काळा. डोक्यावर आभाळ दिसतं तरी ही गत. खाणीत डोक्यावर आभाळ नाही, डोंगर आहे.

आता जरा अमेरिकेत चला. गोऱ्यांच्या देशात कशाला, असं विचाराल. कारण या धुराचा सगळ्यात मोठा हिशेब तिथल्या खाण कामगारांच्या मढ्यांवरून लागला, आणि तो हिशेब दाबायचा सगळ्यात मोठा खटाटोपही तिथंच झाला.

१९८८ साली तिथल्या नायॉश या सरकारी संस्थेनं सांगितलं की डिझेलचा धूर कामगारांना कॅन्सर करू शकतो असं मानून चला. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणं हेच या संस्थेचं काम. त्याच साली जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कॅन्सर संशोधन संस्थेनं, म्हणजे फ्रान्समधल्या लिऑनच्या संस्थेनं, या धुराला 'बहुधा कॅन्सरकारक' अशा खान्यात टाकलं. बहुधा! या एका शब्दाच्या आडोशाला कंपन्यांनी पुढची चोवीस वर्षं काढली. पुरावा पुरेसा नाही म्हणे. पुरावा म्हणजे काय, तर मेलेली माणसं. ती आणखी मरू द्या, मग बघू.

नायॉश आणि तिथली राष्ट्रीय कॅन्सर संस्था यांनी मग १९९२ मध्ये मोठा अभ्यास हाती घेतला. आठ खाणी निवडल्या. पोटॅशच्या, सोड्याचं खनिज म्हणजे ट्रोनाच्या, मिठाची एक, चुनखडीची एक. मुद्दाम अशा निवडल्या की जिथं सिलिका, रेडॉन, ॲस्बेस्टॉस असल्या फुफ्फुसाच्या दुसऱ्या शत्रूंचा त्रास फारसा नव्हता. या खाणींत १९४७ ते १९६७ च्या दरम्यान डिझेलची यंत्रं उतरली होती. तिथल्या १२,३१५ कामगारांचा माग काढला. कोण कुठल्या कामावर, किती वर्षं, किती धुरात. भूमिगत कामगारांच्या श्वासातल्या कार्बनची सरासरी निघाली घनमीटरला सुमारे १२८ मायक्रोग्रॅम. वर जमिनीवर काम करणाऱ्यांची १.७. एकच कंपनी, एकच गेट, एकच भोंगा. वरच्या आणि खालच्या माणसाच्या हवेत पंचाहत्तर पटींचा फरक.

हे वर-खाली आपल्याला नवं नाही. पण तिथं ते आकड्यात उतरलं, हे महत्त्वाचं.

फुफ्फुसाच्या कॅन्सरनं मेलेले १९८ कामगार आणि त्यांच्याशी जुळणारे ५६२ जिवंत कामगार यांची तुलना केली. सगळ्यात जास्त काजळी खाल्लेल्यांना सगळ्यात कमी खाल्लेल्यांपेक्षा कॅन्सरनं मरायचा धोका सुमारे तिप्पट निघाला. मालकाचा ठरलेला डायलॉग असतो, 'तुमचे लोक बिड्या ओढतात हो, आम्ही काय करणार.' या अभ्यासात कोण किती ओढायचा हेही मोजलं होतं, आणि ते बाजूला काढून हिशेब केला होता. ज्यानं आयुष्यात सिगारेट ओठाला लावली नाही त्याच्यातही काजळीबरोबर धोका चढत गेलेला दिसला. बिडीवर बिल फाडायची सोय उरली नाही.

आता गंमत बघा. १९९२ ला हाती घेतलेला अभ्यास, १९९७ अखेरपर्यंतचे मृत्यू धरलेले, आणि मुख्य निष्कर्ष छापून आले मार्च २०१२ मध्ये. मधली वर्षं कुठं गेली? सगळी कोर्टात गेली असं म्हणणार नाही, असल्या अभ्यासाला वेळ लागतोच. पण खाणवाल्यांनी एक आघाडी उघडली होती. तिचं नाव मार्ग डिझेल कोअलिशन. नाव मार्ग, काम वाट अडवायचं! लुइझियानाच्या कोर्टात त्यांनी सरकारी शास्त्रज्ञांना खेचलं. छापण्याआधी नव्वद दिवस सगळे मसुदे आम्हाला दाखवा, असा हुकूम मिळवला. शेवटी २०१२ च्या सुरुवातीला त्यांच्या वकिलानं वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांना पत्रं धाडली. प्रकरण कोर्टात आहे, छापाल तर सांभाळून, अशा सुराची. संपादकांनी छापलं. तीन महिन्यांनी, जून २०१२ मध्ये, आयएआरसीनं 'बहुधा' खोडलं. डिझेलचा धूर माणसाला कॅन्सर करतो, पहिल्या गटात. ॲस्बेस्टॉस आणि तंबाखू याच गटात बसतात.

मालक ज्ञानाला किती भितो बघा. बॉम्बला भीत नाही इतका आकड्याला भितो. आपल्या पूर्वजांच्या कानात शिसं ओतायचं फर्मान होतं ते याच भीतीपोटी. आता शिसं ओतत नाहीत. नव्वद दिवसांची मुदत मागतात.

बरं, सत्य छापून आलं, मग कायदा लगेच माणसाच्या बाजूनं झाला का? इथंच खरं मापातलं पाप आहे, नीट ऐका.

२०१४ मध्ये काही संशोधकांनी या खाणींचा आणि अमेरिकेतल्या ट्रक कामगारांचा डेटा एकत्र करून हिशेब मांडला. पंचेचाळीस वर्षं घनमीटरला १ मायक्रोग्रॅम कार्बन श्वासात गेला तर दहा हजार माणसांमागे १७ जादा माणसं फुफ्फुसाच्या कॅन्सरनं मरतील. १० मायक्रोग्रॅम असेल तर २००. २५ असेल तर ६८९. हे डोक्यात ठेवा आणि आता कायदे वाचा. युरोपीय संघानं २०१९ मध्ये मर्यादा ठरवली ५० मायक्रोग्रॅम. बाकी धंद्यांना ती फेब्रुवारी २०२३ पासून लागू. भूमिगत खाणी आणि बोगद्यांना तीन वर्षं जादा सवलत, फेब्रुवारी २०२६ पर्यंत. जिथं धूर सगळ्यात दाट तिथंच सवलत सगळ्यात लांब! कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतानं सप्टेंबर २०२३ पासून १२० केली. अमेरिकेत कोळसा सोडून इतर खाणींना मे २००८ पासून १६०, पण ती धुरातला एकूण कार्बन धरून. शुद्ध कार्बनात उतरवली तर साधारण १२० च्या आसपास येते. मोजायच्या पद्धतीत थोडा फरक आहे, तरी १२८ शी ताडून बघा. ज्या खाणींतली माणसं मेली म्हणून अभ्यास झाला, तिथली सरासरी हवा आणि आजच्या कायद्याची मर्यादा जवळजवळ शेजारी शेजारी. आणि अमेरिकेच्या कोळसा खाणींत हवेतल्या काजळीवर आकडाच नाही. कोळशाची धूळही कार्बनच, त्यात इंजिनचा कार्बन वेगळा ओळखायचा कसा, ही अडचण. तिथं यंत्राच्या धुरावर मर्यादा आहे, माणसाच्या श्वासावर नाही.

म्हणजे मर्यादा म्हणजे सुरक्षितता, असं समजून घरी जाऊ नका. मर्यादा म्हणजे तडजोड. एका बाजूला कामगाराचं फुफ्फुस, दुसऱ्या बाजूला मालकाचा खर्च, आणि मधे जो आकडा ठरला तो. ज्या बाजूचा दाब जास्त त्या बाजूला काटा झुकतो. तरीही आकडा हवाच. आकडा असला तर तो खाली ओढता येतो. नसला तर ओढणार काय?

आता उपाय. ते ज्या क्रमानं करायला हवेत त्या क्रमानं सांगतो, कारण खरी लबाडी क्रमात आहे.

पहिला उपाय, धूर जन्मालाच घालू नका. विजेवर, केबलवर, बॅटरीवर चालणारी यंत्रं आणा. ऑन्टारियोतली बोर्डन नावाची सोन्याची खाण २०१९ मध्ये बॅटरीच्या यंत्रांवर भर देऊनच उभी केली गेली. बॅटरीला आगीची भीती असते, तिचे वेगळे नियम करावे लागतात, हे खरं. पण डिझेलच्या टाकीलाही आग लागतेच, तेव्हा कुणी कुरकुर केली नव्हती.

दुसरा, डिझेल वापरायचंच असेल तर इंजिन नवं, तेल स्वच्छ आणि देखभाल चोख. भारतात एप्रिल २०२० पासून बीएस-सहा डिझेल आलं, त्यात गंधक दहा लाखात दहा भाग. चांगली गोष्ट. पण तेल बदललं म्हणून वीस वर्षांचं इंजिन नवं होत नाही. इंजिनचा हवेचा फिल्टर तुंबला, इंजेक्टर खराब झाला की तेल अर्धवट जळतं आणि काळा धूर निघतो. हे कुठलाही गॅरेजवाला पोरगा सांगेल. त्याला पीएचडी लागत नाही. लोडर उभा असताना इंजिन घरघरत ठेवायचं नाही, एका भुयारात एका वेळी ठरलेल्यापेक्षा जास्त गाड्या घालायच्या नाहीत. याला तर पैसाही लागत नाही, लागते ती शिस्त. आणि ती फक्त कामगारानं पाळायची असते अशी मालकाची समजूत आहे.

तिसरा, सायलेन्सरच्या वाटेवर फिल्टर. सिरॅमिकच्या पोळ्यासारखा असतो, एक नळी पुढून बंद, शेजारची मागून. धुराला भिंतीतून झिरपावं लागतं, काजळी आतच राहते. चांगला फिल्टर वजनानं नव्वद टक्क्यांहून जास्त काजळी पकडतो. पण तोही डोळे मिटून बसवायचा नाही. काही फिल्टरांवर प्लॅटिनमचा लेप असतो, त्यानं नायट्रोजन डायऑक्साइड हा दुसरा विषारी वायू वाढू शकतो. एक मढं उचलताना दुसरं पडू नये म्हणून तो वायूही मोजायचा.

चौथा, हवा. ऑन्टारियोत नियम आहे की यंत्राच्या दर किलोवॅट ताकदीमागे सेकंदाला ०.०६ घनमीटर हवा हवी. म्हणजे २०० किलोवॅटचा एक लोडर चालला तर सेकंदाला १२ घनमीटर. दोन चालले तर २४. हा गुणाकार आपल्या सहावीच्या पोराला येतो. तेव्हा पंख्याची ताकद किती, यंत्रं किती, हे विचारायला इंजिनिअर व्हायची गरज नाही.

पाचवा, चालकाला बंद केबिन, आत गाळलेली हवा. हा उपाय बरा आहे, पण त्यात एक मेख आहे. केबिन चालकाला वाचवते. बाहेर चालत काम करणाऱ्यांना नाही. छताला आधार ठोकणारे, सुरुंग भरणारे, पाइप जोडणारे, साफसफाईवाले, हेल्पर. केबिनच्या आतला पर्मनंट आणि केबिनबाहेरचा कंत्राटी, असा मामला जिथं असेल तिथं काचेच्या आत आणि काचेच्या बाहेर असे दोन वर्ण तयार होतात. पुन्हा आपलं गाव. पुन्हा आपली वेस.

आणि सगळ्यात शेवटी मास्क. शेवटी म्हणजे शेवटी. वरचं सगळं करूनही उरलेल्या थोड्या धुरासाठी, किंवा यंत्र बदलेपर्यंतच्या थोड्या दिवसांसाठी.

मालकाची यादी वाचा, नेमकी उलटी असते. पहिल्या दिवशी मास्क. तोही कापडाचा, ज्यातून ही काजळी सरळ आत जाते. मास्क वाटतानाचा फोटो. मग पोस्टर, 'सुरक्षा आपल्या हाती'. आपल्या हाती काय आहे रे? इंजिन आपल्या हाती आहे? पंखा आपल्या हाती आहे? मास्क स्वस्त असतो एवढंच त्याचं कौतुक नाही. मास्क दिला की दोष फिरतो. आजारी पडलास? मास्क नीट लावला नसशील. काम करताना दम लागतो, घाम येतो, माणूस मास्क खाली ओढतो. झालं, मुकादमाच्या वहीत नोंद. यंत्र निर्दोष, माणूस गुन्हेगार.

यात आपल्या पुढाऱ्यांचाही वाटा आहे. युनियनवाला वाटाघाटीला बसतो आणि भत्ता घेऊन उठतो. गोदीत घाणेरड्या मालाला जादा पैसे, खाणीत खाली उतरायचा भत्ता. पैसे घ्या, कुणी नको म्हणणार? पण भत्ता म्हणजे फुफ्फुसाची किंमत ठरवून टाकणं. एकदा किंमत ठरली की विकत घेणारा माल नेणारच. भत्ता वाढवून मागणं सोपं आहे, कारण त्यात मालकाचं यंत्र बदलत नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात जात कुठं आली? अमेरिकेतला गोरा खाण कामगारही मेलाच की. मेला. म्हणूनच तो आपला आहे. पण आपल्याकडे मरण मोजण्याआधी माणूस मोजला जातो. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आपल्या माणसांना विणखात्यात घेत नसत. धोट्यात दोरा ओवायला तो तोंडानं ओढावा लागायचा. अस्पृश्याची थुंकी लागलेला दोरा चालत नव्हता. आपल्या तोंडातून बाहेर येणाऱ्याचा त्यांना विटाळ होता. आपल्या तोंडातून आत जाणाऱ्याची काळजी त्यांना तेव्हाही नव्हती, आजही नाही. गटारात उतरलेला माणूस दोन मिनिटांत मरतो, मढं डोळ्यासमोर असतं, २०१३ चा कायदा असतो, तरी त्याची नोंद 'अपघात' म्हणून करायला धडपडतात. मग वीस वर्षांनी, कंत्राट संपल्यावर, गावातल्या झोपडीत खोकून मेलेल्याचा हिशेब कोण ठेवणार?

१९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण पहिल्यावर बोलतो तेव्हा आवाज चढतो. दुसऱ्यावर बोलताना आपण कवितेत शिरतो. बाबासाहेब तसे नव्हते. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींवर गेले आणि स्वतः खाली उतरले. दिल्लीत बसून अहवाल मागवता आला असता. उतरले, बघितलं, आणि १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. बघायचं, मोजायचं, मग कायद्यात आणायचं. ही त्यांची रीत. आपण त्यांचे फोटो लावले, रीत सोडली.

तेव्हा मुंबईतल्या पोरांनो, हे काम आपलं आहे. चंद्रपूर-वणीचा कोळसा, भंडारा-नागपूरचं मँगनीज, तिथं आपली माणसं आणि आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या खाली उतरतायत. कुठं अजून दोरानं टब ओढतात, कुठं विजेचे लोडर आहेत, कुठं डिझेल आहे. आधी जाऊन यंत्र कुठलं ते बघा, मग बोला. आणि खाण लांब वाटत असेल तर आपल्या पायाखाली बघा. युरोपच्या कायद्यानं खाण आणि बोगदा एकाच ओळीत धरलेत, आणि मुंबईच्या पोटात बोगदे खणायचं काम थांबलेलं नाही. ठाण्याहून बोरिवलीला डोंगर पोखरायचं चाललंय. आत कोण आहेत? बिहारचे, झारखंडचे, ओडिशाचे. त्यांची जात विचारायला जाऊ नका. त्यांच्या हवेचा आकडा विचारा.

मागण्या साध्या ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९५२ चा खाण कायदा त्यातल्या सुरक्षेच्या संहितेत गेला. मग नियमांत भूमिगत खाण आणि बोगद्यातल्या डिझेलच्या काजळीचा स्पष्ट आकडा लिहून मागा, आणि तो दर काही वर्षांनी खाली आणायची तारीखही. कार्बन मोनॉक्साइड मोजतो, म्हणून भागलं, हे ऐकून घेऊ नका. वायूचं यंत्र कण मोजत नाही.

मोजणी माणसाच्या अंगावर झाली पाहिजे. कॉलरला नळी, कमरेला छोटा पंप, पूर्ण पाळी, मग प्रयोगशाळेत फिल्टर तपासायचा. नायॉशनं तर जागेवर आकडा दाखवणारं, अंगावर वागवायचं यंत्रही तयार केलं. पंप कुणाच्या अंगावर हे आपण ठरवायचं. ताजी हवा आत येते त्या तोंडाशी टांगला तर आकडा गोड येणार. सायबाच्या अंगावर लावला तर गोड येणार. अर्धी यंत्रं बंद असतील त्या दिवशी लावला तर गोड येणार. तो लावायचा वापरलेली हवा परत फिरते त्या टोकाला चालत काम करणाऱ्या कंत्राटी हेल्परच्या अंगावर, सगळी यंत्रं चालू असताना. आणि निकाल हजेरीच्या खोलीत, मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत.

दर यंत्राच्या धुराची नियमित तपासणी आणि तिची वही कामगारांना खुली. नवं यंत्र घेताना विजेचं का नाही, याचं लेखी उत्तर. मास्क दिला तर तो किती तारखेपर्यंत, हेही लेखी. आणि कंत्राट संपल्यावरही फुफ्फुसाची तपासणी, कित्येक वर्षं, मालकाच्या खर्चानं. आजार उशिरा येतो, तर जबाबदारीही उशिरापर्यंत राहिली पाहिजे.

यातलं काहीच क्रांती नाही, असं कुणी म्हणेल. असेलही. पण ज्या माणसाला स्वतःच्या श्वासाचा आकडा मालकापुढे मोठ्यानं वाचून दाखवता येतो, तो उद्या मजुरीचा, जमिनीचा, गावच्या पाण्याचाही हिशेब मागेल, हे मालकाला आपल्याआधी कळलंय. म्हणून तर कोर्टकचेऱ्या.

वस्तीवस्तीत सांगा, खाणीवरच्या भावाला फोन करून सांगा, बोगद्याच्या गेटवर उभं राहून सांगा. पाळी सुरू व्हायच्या आधी मुकादमाला एकच प्रश्न विचारायचा, रोज विचारायचा, सगळ्यांनी मिळून विचारायचा: आज खाली किती मायक्रोग्रॅम?

जय भीम.